मदत हवी आहे: वार्निशखालचा दगडी छाप (शिळेवरून छापलेलं चित्र, लिथोग्राफ) कसा ओळखावा?

बडोद्यातल्या मांडणीत रविवर्मा छापखान्याची चित्रं फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) दृश्यांशेजारी लावायची आहेत. चित्रपटातल्या पात्रांची उभं राहण्याची ढब, मागचे पडदे, बरंचसं या छापील चित्रांतूनच आलंय. (फाळके इथल्याच कलाभवनात शिकलेले!)

प्रश्न अस्सलपणाचा: चित्रं जुन्या दगडी छापाची की नंतर ऑफसेट यंत्रावर काढलेल्या नकला? १०पट भिंगाखाली दगडी छापाचे ठिपके विखुरलेले, वेडेवाकडे दिसतात. ऑफसेटचे शिस्तीत, फुलासारख्या नक्षीत. पण तीन चित्रांवरचं वार्निश इतकं जाड आणि पिवळं आहे की ठिपकेच दिसत नाहीत. ओल्या बोळ्याने ते पांढुरकं होतं, स्पिरिटने रंग उठायची भीती. नवा कागद बहुधा अतिनील दिव्याखाली निळसर उजळतो, पण ही चित्रं पुठ्ठ्यावर डकवलेली, मागची बाजूच बंद.

पुठ्ठा न सोडवता, वार्निश न काढता खात्री कशी करावी? नुसत्या कडेवरून काही कळेल का?