सायटेशनचा, म्हणजे पेपरात दिलेल्या दुसऱ्या पेपरच्या संदर्भाचा, सूर भाषा-मॉडेलने ठरवावा का?

तळटीप: वेकफिल्ड यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला 1998चा पेपर आठवा. 12 मुलं पाहिली आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. 2010मध्ये पेपर पूर्णपणे मागे घेतला गेला. त्याला हजारावर सायटेशन आहेत. 2019च्या एका पाहणीत त्यातली 70 टक्क्यांहून जास्त त्याला खोडून काढणारी निघाली. पण सायटेशन मोजून संशोधकाचं वजन ठरवणाऱ्या एच-इंडेक्सला शिवी आणि शाबासकी सारखीच! आता भाषा-मॉडेल मजकूर वाचून सहमती, टीका की नुसता उल्लेख ते सांगतात. मग शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफसारख्या सरकारी क्रमवारीत अजून सायटेशनचा नुसता आकडाच का धरायचा?

भिंग: उदाहरण फारच सोपं घेतलंत. त्या पेपरवर लोक उघड तुटून पडलेत. खरी अडचण सभ्य टीकेची. "अमुक यांनी हा प्रश्न प्रथम हाताळला" असं गोड वाक्य, आणि चिमटा पुढच्या परिच्छेदात, तोही नाव न घेता. संशोधक अवैस अथर यांच्या 2011च्या कामात संगणकीय भाषाशास्त्राच्या पेपरांतली 8,736 सायटेशन माणसांनी तपासलेली आहेत. नकारात्मक जेमतेम 3 टक्के, तटस्थ सुमारे 87. म्हणजे डोळे मिटून सगळ्यांवर 'तटस्थ' शिक्का मारला तरी अचूकता 87 टक्के! कोणी नव्वदीच्या गप्पा मारल्या की मी विचारतो, त्या 3 टक्क्यांतल्या किती पकडल्या?

तळटीप: ते एकेक वाक्य सुटं बघण्याच्या काळातलं झालं. आजच्या मॉडेलला अख्खा पेपर देता येतो.

भिंग: द्या की. एका कंसात पाच संदर्भ कोंबलेले असतात, त्यातल्या कोणावर रोख आहे यावर माणसांचंही एकमत होत नाही.

रखडलेला_पीएचडी: उद्या टीकेचे गुण वजा होऊ लागले तर टीका करणार कोण? गाईडच्या मित्राच्या पेपरवर मी आत्ताच लिहीत नाही 😅 शिवाय चुकलेला पेपरही कामाचा असतो. फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढणाऱ्या जिवाणूचा 2010चा दावा टिकला नाही, पण त्याच जिवाणूची प्रथिनं आर्सेनेटच्या (फॉस्फेटसारख्याच दिसणाऱ्या आर्सेनिकच्या रूपाच्या) गर्दीतून फॉस्फेट किती काटेकोर वेचतात हे 2012मध्ये कळलं. याला कुठलं लेबल लावणार?

ग्रंथालयातून: गुणांचं राहू द्या हो. विद्यार्थी येऊन विचारतात, "मॅडम, या पेपरवर कोणी आक्षेप घेतलाय का?" 300 सायटेशन कोण चाळणार? मॉडेलने 20 संशयित काढून दिले तर ते मी त्यांना मुळातून वाचायला लावेन. काही सुटतील, मान्य. आज सगळेच सुटतात.

भिंग: एवढ्यापुरतं चालेल, पण लेबलाशेजारी मूळ वाक्य हवंच. आणि ती यादी कोणाच्या प्रमोशनच्या फाईलला लागणार नाही, याची हमी कोण देणार?