प्रभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप: पाणी, गटार, ठराव, खाडीची भरती यांचे मेसेज नेमके कसे लिहायचे?

खालची_आळी विचारतात:

रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं नगरपरिषदेचं गाव. आमच्या प्रभागात साधारण सहाशे घरं, निम्मी खाडीला लागून, निम्मी वर सड्यावर (जांभ्याच्या पठारावर). प्रभागाचा ग्रुप आहे, पण त्यात सुप्रभात, वाढदिवस आणि मधूनच ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच. कुठल्या आळीत, किती वाजेपर्यंत, सांगितलं कोणी, काही पत्ता नसतो. गेल्या वर्षीचा मेसेज फिरून आला तरी कळत नाही.

पावसाळ्याआधी घडी बसवायची आहे. जाणकारांनी सांगावं: पाण्याचा मेसेज कसा असावा? नगरपरिषदेतलं काय चाललंय ते निर्णय होऊन गेल्यावर नाही, आधी कसं कळेल? आणि पाऊस-भरतीचं लोकांना न घाबरवता कसं सांगायचं?

---

चावीवाला:

पाण्यापासून सुरुवात करा. लोक ग्रुप उघडतात ते त्यासाठीच.

पहिली अडचण ही की पाणी प्रभागाप्रमाणे सुटत नाही, व्हॉल्व्हप्रमाणे सुटतं. एका प्रभागात तीन व्हॉल्व्ह असतात आणि त्यातला एखादा शेजारच्या प्रभागालाही पाणी देत असतो. त्यामुळे ‘प्रभाग ४ ला पाणी नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्ध्या लोकांपुरतं खोटं ठरतं. व्हॉल्व्हमनबरोबर एक सकाळ फिरा आणि कुठली चावी फिरवली की कुठल्या घरापर्यंत पाणी जातं ते कागदावर काढा. मेसेजमध्ये व्हॉल्व्हचा क्रमांक लिहू नका, लोकांच्या तोंडातलं नाव लिहा: ‘पारापासून जेटीपर्यंत’, ‘शाळेच्या वरची घरं’.

मेसेज असा असावा:

*पाणी. बुधवार, ८ जुलै २०२६, सकाळी ७.१०*
*जॅकवेलची (पाणी उपसणाऱ्या पंपाच्या विहिरीची) वीज पहाटे ४ पासून बंद आहे.*
*पार ते जेटी: सकाळचं ६ चं पाणी सुटलेलं नाही.*
*शाळेच्या वर: संध्याकाळचं पाणी येईल, दाब कमी असेल.*
*वीज आल्यावर टाकी भरायला साधारण ४ तास.*
*माहिती: पाणीपुरवठा विभाग, फोनवर, ६.५०.*
*पुढचा मेसेज १० वाजता, काही नवीन नसलं तरी.*

शेवटची ओळ गाळू नका. ती नसेल तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘आलं का?’ विचारतो आणि मूळ मेसेज शंभर ओळी वर जातो. वर्षही लिहायचंच. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर मूळ तारीख दिसत नाही, म्हणून तारीख मजकुराच्या आत हवी.

‘वीज आली, मग पाणी का नाही?’ याचं उत्तर एकदाच नीट लिहून पिन करून ठेवा. पंप सुरू झाल्यावर आधी रिकामी झालेली वाहिनी भरते, मग पाणी शुद्धीकरणात जातं, मग उंच टाकीत चढतं. टाकीत पुरेशी पातळी आल्याशिवाय चावी उघडली तर सखल भाग सगळं पाणी ओढून घेतो आणि सड्यावरच्या नळातून नुसती हवा सुटते. व्हॉल्व्हमन थांबतो तो याचसाठी.

वाहिनी रिकामी होऊन पुन्हा भरली की पहिलं पाणी गढूळ येतं. पाच-दहा मिनिटांचं पाणी झाडांना किंवा धुण्याला वापरा, पिण्याचं नंतर भरा. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांची गोष्ट आणखी वाईट. मोटरच्या ओढीने वाहिनीतला दाब घसरतो आणि जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. जलवाहिनी गटाराच्या कडेने गेली असेल तर ते पाणी कुठलं ते सांगायला नको. मोटर एकाची, जुलाब शेजारच्या चार घरांत.

गढूळपणाची तक्रार ‘पाणी घाण आहे’ अशी करू नका. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा, फोटो काढा आणि वेळ व घराजवळची खूण लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचं एकक) असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. उरलेलं मोकळं क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. क्लोरीनची तपासणी टाकीजवळ नको, वाहिनीच्या शेवटच्या घरी करायला सांगा. टाकीशी क्लोरीन बरोबरच भरतं, संपतं ते टोकाला.

---

ठराववही:

नगरपरिषदेबद्दल. आधी एक शब्द नीट वापरायला शिका, ‘मंजूर’. ‘आपल्या आळीचा रस्ता मंजूर झाला’ या मेसेजइतका फसवा मेसेज नाही. सभेत ठराव झाला तरी मंजूर, अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळाली तरी मंजूर, प्रशासकीय मान्यता आली तरी मंजूर. त्यानंतर निविदा निघते, ती उघडते, दर मान्य होतात, करारनामा होतो आणि मग कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश. कार्यादेश हातात पडेपर्यंत ठेकेदार फावडं उचलत नाही. नारळ मात्र यातल्या कुठल्याही पायरीवर फुटू शकतो, म्हणून भूमिपूजनाच्या फोटोला बातमी समजू नका.

मेसेजमध्ये काम कुठल्या पायरीवर आहे तेवढंच लिहा आणि त्या पायरीचा कागद दाखवा. ठराव असेल तर ठराव क्रमांक आणि सभेची तारीख. निविदा असेल तर राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर कोणालाही ती पाहता येते. कार्यादेश असेल तर कामाचं नाव, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी. हा शेवटचा आकडा जपून ठेवा. त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि नेमकं तेच दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

आधी कळायचं असेल तर विषयपत्रिका मिळवा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी द्यावी लागते. नगरसेवकांकडे ती विषयपत्रिकेसह येते. तुमच्या दोन्ही नगरसेवकांकडून तिचा फोटो घ्यायचा आणि प्रभागाशी संबंधित विषय क्रमांकासह वेगळे लिहायचे. दोघे वेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच, दोघांकडून मागा. एक विसरला तर दुसरा आवर्जून देतो.

सभेनंतर ‘चर्चा झाली’ लिहू नका. विषय क्रमांक, निर्णय (मान्य, नामंजूर, तहकूब) आणि इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) कायम झालं की नाही, एवढं पुरे. तहकूब म्हणजे रद्द नव्हे, हेही सोबत लिहा. लोक तिथेच गोंधळतात.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. छायाप्रती २ रुपये पान. पण सगळ्या फाइलच्या प्रती मागण्यापेक्षा अभिलेखाचं अवलोकन मागा: पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. फाइल चाळून नेमकी चार पानं मागितली की पैसेही वाचतात आणि ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तरही येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ‘रस्ता का झाला नाही?’ असा प्रश्न अर्जात विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘अमुक ठरावाच्या फाइलवरील टिपणी आणि कार्यादेशाची प्रत’ मागा.

हरकती-सूचनांच्या नोटिसा मात्र पहिल्या दिवशीच टाका आणि शेवटची तारीख पहिल्या ओळीत लिहा. विकास आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलाला नोटिशीपासून एक महिना असतो. त्यातले वीस दिवस ‘वाचतो नंतर’ म्हणण्यात जातात.

---

भांग_उधाण:

पाऊस आणि खाडीचं सांगतो.

हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट जिल्ह्याला असतो, तुमच्या आळीला नाही. त्याच्या शेजारी आकडा लिहिला की घबराट कमी होते: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्याहून जास्त तो अत्यंत जोरदार. आणि ‘आज १२० मिलिमीटर पडला’ असं कधीही लिहू नका. नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते. ‘आज’चा आकडा बहुतेक कालच्या पावसाचा असतो, आणि बाहेर ऊन पडलेलं असताना लोक तो वाचून गाड्या हलवायला धावतात.

खाडीकाठी नुसत्या पावसाने पाणी चढत नाही, भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की चढतं. म्हणून पावसाच्या मेसेजमध्ये भरतीची वेळ आणि उंची हवीच. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण (मोठी भरती) धोक्याचं, अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) खाडी शांत. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत पागायला (मासे धरायला) जायला ठीक आहे, मेसेजला नाही. आणि मुंबईचा तक्ता फॉरवर्ड करू नका. इकडची भरती मुंबईच्या आधी येते आणि उंचीही कमी असते. जवळच्या बंदराचाच तक्ता घ्या, आणि खाडीत आत असाल तर पाणी तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते एकदा जेटीच्या खांबावर खुणा करून मोजा.

नदीच्या गावांत इशारा पातळी आणि धोका पातळी यांची गल्लत करू नका. चिपळूणला वाशिष्ठीची आणि खेडला जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. ‘नदीने पातळी ओलांडली’ एवढंच लिहिलं तर लोक धोका समजतात. पातळी, वेळ आणि चढतेय की उतरतेय, तिन्ही लिहा. ६.२ मीटर उतरती आणि ६.२ मीटर चढती यात रात्रीच्या झोपेचा फरक आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वीज गेली, मोबाईलही कोलमडले. तुमचा ग्रुप त्या क्षणी शून्य. म्हणून आत्ताच ठरवा: सखल भागातल्या प्रत्येक दहा घरांमागे एक माणूस, देवळाचा आणि मशिदीचा लाउडस्पीकर, आणि कागदावर (मोबाईलमध्ये नाही) लिहिलेले क्रमांक: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, महावितरण १९१२, रुग्णवाहिका १०८.

गटारांबद्दल एकच. साफसफाईचा फोटो गाळ उचलून नेल्यानंतरचा हवा. गाळ काठावर रचून ठेवला असेल तर पहिल्या सरीत तो परत आत. पऱ्याच्या (ओढ्याच्या) मोऱ्यांत झावळ्या आडव्या अडकतात आणि त्यांच्यावर प्लास्टिक चढतं, तेव्हा फोटो मोरीच्या तोंडाचा काढा, मधल्या मोकळ्या गटाराचा नको. आणि खाडीत उतरणारी गटारं ओहोटीलाच तपासा. भरतीला सगळीच तुंबलेली दिसतात.

---

ठराववही:

ग्रुप चालवण्याबद्दल राहिलं. ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग घाला आणि गप्पांना वेगळा ग्रुप करा. अॅडमिन तिघे ठेवा: एक खालचा, एक सड्यावरचा, एक असा की ज्याला निवडणूक लढवायची नाही.

चूक झाली तर मेसेज गुपचूप एडिट करू नका. तसंही एडिट पंधरा मिनिटांतच करता येतं आणि तोवर तो चार ग्रुपमध्ये गेलेला असतो. मूळ मेसेजला उत्तर देऊन ‘दुरुस्ती’ असा शब्द टाका. सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अॅडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण अफवा स्वतः पुढे पाठवणाऱ्याला ती ढाल नाही.

---

खालची_आळी:

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. सड्यावरची बरीच घरं सार्वजनिक विहिरीवर आहेत. पावसात पावडर टाकतात, पण किती आणि कधी ते कोणी सांगत नाही. तिचा मेसेज कसा करावा?

---

चावीवाला:

आधी विहिरीत पाणी किती ते काढा. गोल विहीर असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (तिन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, म्हणजे लिटर. खोली मोजायला सुंभाला दगड बांधून सोडा आणि भिजलेला भाग मोजा. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर.

चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे या विहिरीला साधारण ७० ग्रॅम. ‘चांगली’ म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीनची. कोकणातल्या दमट हवेत उघडी पिशवी महिनाभरात मेलेली असते. झाकण काढल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर म्हणजे नुसता चुना.

प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं ठेवलं की चुना खाली बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत जातं. तळाचा चुना विहिरीत ओतू नका, त्याने पाणी नुसतं जड होतं. पावडर काठावरून भुरभुरणं तर सर्वात निरुपयोगी, ती पाण्यात नीट मिसळत नाही.

रात्री शेवटची कळशी भरून झाल्यावर टाका आणि सकाळी ओटी चाचणी (पाण्यात थेंब टाकून क्लोरीन पाहायची) करा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली, पुन्हा टाका. पाणी लालसर गढूळ असेल तर आधी निवळू द्या, नाहीतर सगळं क्लोरीन मातीतच संपतं. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, तेव्हा शोषखड्डा जवळ असलेल्या विहिरीची चाचणी मोठ्या सरीनंतर प्रत्येक वेळी हवी.

मेसेज तीन ओळींचा पुरे:

*सड्यावरची विहीर. गुरुवार, ९ जुलै २०२६, रात्री ९.३०. पावडर ७० ग्रॅम टाकली.*
*सकाळी ६ पर्यंत पाणी काढू नये.*
*चाचणीचा निकाल ६.३० ला इथे आणि विहिरीजवळच्या फळ्यावर.*

फळा विसरू नका. विहिरीवर जी माणसं येतात त्यातली बरीच ग्रुपमध्ये नसतात, आणि ग्रुपमधले निम्मे चाकरमानी मुंबईत बसून तो मेसेज वाचत असतात.