शब्दचर्चा: कारखान्यात ‘प्रक्रिया’ म्हटलं की केमिस्टच पुढे येतात

कृष्णाकाठ:
मंडळी, एक नड आहे. मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात संगणक विभागात आहे. यंदा हंगामाआधी सल्लागार बोलावलेत. तोडचिठ्ठी (ऊस तोडायची चिठ्ठी) निघाल्यापासून शेतकऱ्याच्या खात्यावर बिल जमा होईपर्यंत काम कसकसं सरकतं त्याचा नकाशा काढायचा, मागच्या हंगामाच्या नोंदी त्याला लावून बघायच्या, कुठं किती खोळंबा होतो ते शोधायचं. मग दुसरा वजनकाटा घ्यायचा की नको हे संचालक मंडळ ठरवणार. त्यांची पुस्तिका इंग्रजीत. शेतकी खात्यातल्या पोरांसाठी ती मराठीत करायचं माझ्या गळ्यात पडलंय.

‘प्रोसेस मॉडेल’ला मी ‘प्रक्रिया प्रतिमान’ लिहिलं. पहिल्याच बैठकीत चीफ केमिस्ट पुस्तिका चाळून म्हणाले, ‘हे आमचं खातं, मग शेतकीची माणसं कशाला बसवलीत?’ त्यांचं तरी काय चुकलं? साखर कारखान्यात प्रोसेस म्हणजे रस तापवणं, चुना, गंधक, पॅन, सेंट्रिफ्यूगल. प्रक्रिया म्हटलं तरी तेच. आणि ‘प्रतिमान’ तर कुणाच्याच तोंडात नाही.

शब्द सुचवा. स्लीपबॉयला, म्हणजे गाड्यांच्या चिठ्ठ्या-नोंदी बघणाऱ्या पोराला, कळला पाहिजे, आणि बोर्डापुढं वाचला तर कुणी हसू नये.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
‘कार्यपद्धती’ हा शब्द असताना अडायचं काय कारण? ‘कार्यपद्धतीचा आराखडा’. संपला विषय. पुस्तिकेत ‘डेटा’ लिहिला असेल तर तोही काढा, ‘विदा’ लिहा. विद् म्हणजे जाणणे, धातू आपला आहे. महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो हौस म्हणून नव्हे.

संकेश्वरचा, सध्या पुण्यात:
मास्तर, विदा आला की विदा आली? इथं ऑफिसात एकाच अहवालात दोन्ही वाचलंय. आणि ‘मागच्या हंगामाची विदा केली’ म्हटलं तर लोकांना हंगामाची पाठवणी केली असं वाटेल. डेटा म्हणा की. भाजीवालीसुद्धा म्हणते, डेटा संपला.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
भाजीवालीचा डेटा म्हणजे मोबाइलचा रिचार्ज. त्याचा आणि याचा संबंध नाही. तुम्हीच सिद्ध केलंत की तो शब्द निकामी आहे.

वाळू आणि लोखंड:
‘साचा’ कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत हयात गेली. आमच्यात साचा म्हणजे वाळूचा, रस ओतला, गार झाला की फोडायचा. ज्याच्यावरनं साचा उठवतात तो लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा म्हणजे पॅटर्न. मॉडेलला साचा म्हणालात तर आमचा मोल्डर विचारणार, ‘मग फोडायचा कधी?’

‘प्रारूप’ही नको. प्रारूप मतदार यादी म्हणजे कच्ची यादी, हरकती घ्यायची. ‘नमुना’ म्हटलं तर सॅम्पल, नाहीतर सरकारी फॉर्म.

बाकी हे काम नवीन नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोनं १९२१ साली अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरांपुढं प्रोसेस चार्ट मांडला. पुढं त्याची चिन्हं ठरली: वर्तुळ म्हणजे काम, बाण म्हणजे हलवाहलव, चौकोन म्हणजे तपासणी, त्रिकोण म्हणजे साठा, आणि इंग्रजी ‘डी’ म्हणजे खोळंबा. हल्ली बीपीएमएनची (कामाचा नकाशा काढायची ठरीव चिन्हपद्धत) चिन्हं वापरतात, २०११ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. पण स्लीपबॉयसमोर पाच चिन्हंच ठेवा. आम्ही शॉपमध्ये त्याला ‘चार्ट’ म्हणायचो आणि कुणाचं काही अडलं नाही.

निपाणीची लेक:
मी कन्नड माध्यमात शिकले, घरी मराठी, आता दोन्हीकडचं भाषांतर करते. तुमच्या स्लीपबॉयमध्ये निम्मे कन्नड शाळेतले असणार, तेव्हा हे धरून चला. कन्नडात मॉडेलला ‘मादरी’, डेटाला ‘दत्तांश’. दत्त म्हणजे दिलेलं, आणि लॅटिनमधल्या डेटमचा अर्थही ‘दिलेलं’च. विदापेक्षा हा बरा बसतो असं माझं मत, आणि पोरांच्या कानावरही असतो.

पण खरी गंमत पुढं आहे. कन्नड पेपरात ‘निर्धार’ म्हणजे नुसता निर्णय. आपला निर्धार म्हणजे कंबर कसलेली. ‘सरकारद निर्धार’ वाचून माझी मावशी दरवेळी म्हणायची, केवढं खंबीर सरकार आहे हे! आणि ‘अनुमान’ म्हणजे कन्नडात संशय. तुम्ही ‘नोंदींवरून अनुमान काढणे’ लिहाल, पोरगा समजेल नोंदींवर संशय घेणे.

वाळू आणि लोखंड:
ताई, तेच तर काम आहे. आधी नोंदींवर संशय घ्यायचा.

चंदगडी:
कन्नड शब्द कशाला आणायचे आता? आधीच पाट्यांवरनं मराठी जात चाललंय, पुस्तिकेत तरी राहू दे.

निपाणीची लेक:
दत्त आणि अंश दोन्ही संस्कृत आहेत, दादा. कन्नडात वापरले म्हणून बाटले? मग घरातला अडकित्ता आणि तूप पण टाकून द्या, दोन्ही तिकडनं आलेत म्हणतात.

खानापूरकर:
तुपावरनं भांडण नको. माझा शब्द घ्या: ‘वहिवाट’.

कागदावर रस्ता एक असतो, माणसं जातात दुसऱ्यानं. तलाठ्याकडं, कोर्टात, सगळीकडं वहिवाटीला किंमत. सल्लागार हेच करतात ना? नियमाप्रमाणं काम कसं व्हायला पाहिजे ते एक चित्र, आणि नोंदींवरनं प्रत्यक्ष कसं होतंय ते दुसरं. पहिलं ‘पद्धत’, दुसरं ‘वहिवाट’. दोन्ही शब्द शेतकऱ्याच्या घरातले. ‘शिरस्ता’ पण चालेल, आमच्या तहसील कचेरीत शिरस्तेदार अजून बसतो.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
शिरस्ता फारसी आहे.

खानापूरकर:
तहसील अरबी. कचेरी कुठली ते तुम्हीच बघा. मग मास्तर, उतारा काढायला जायचं कुठं?

संकेश्वरचा, सध्या पुण्यात:
खानापूरकरांचं पटलं. नोंदींवरनं वहिवाट काढणं, याला बाहेर ‘प्रोसेस मायनिंग’ म्हणतात. विल फान डेर आल्स्ट या डच प्राध्यापकांचं त्यात मोठं काम आहे. प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी किमान लागतात: कोणाचं काम, काय झालं, कधी झालं. तुमच्याकडं तोडचिठ्ठीचा नंबर, टप्पा आणि वेळ. एवढं असलं की संगणक गाड्यांची वाट आपोआप काढून देतो, आणि पद्धतीतून कोण कुठं फुटलं तेही. मराठीत मी ‘प्रक्रिया उत्खनन’ वाचलंय.

खानापूरकर:
उत्खनन म्हटलं की आमच्याकडं मुरूम चोरी. नको.

कृष्णाकाठ:
वहिवाट आवडला. पण त्याआधी एक सांगतो, कारण याच शब्दांच्या घोळात आमचं काम अडलंय.

रजिस्टरात एक रकाना आहे, ‘आवक वेळ’. सल्लागारांनी तो उचलला आणि वजनाच्या वेळेतून वजा केला. निघालं काय, तर काही पाळ्यांत गाडी काट्यापुढं दहा मिनिटंसुद्धा थांबत नाही, आणि काहींत सहा-सात तास. बोर्डात लगेच सुरू, रात्रपाळी चांगली, दिवसपाळी कामचुकार. मी गेटवर जाऊन बसलो. रात्रपाळीचा पोरगा मला म्हणाला, ‘साहेब, आली म्हणजे रस्त्याला रांगेत लागली तवा लिवायचं, की काट्याला आली तवा? मी काट्याला आल्यावर लिवतो, थंडीत रस्त्यावर कोण जातंय?’ दिवसपाळीचा पोरगा रस्त्यावरच लिहितो, ड्रायव्हर नंबरासाठी भांडतात म्हणून. म्हणजे ‘आवक’ या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रसंग. शिवाय वेळा बघितल्या तर बहुतेक पंधराच्या पटीत. सव्वा, साडे, पावणे. घड्याळ बघून नाही, अंदाजानं.

तेव्हा मला नुसता ‘मॉडेल’ला शब्द नकोय. ‘रांगेत लागली’, ‘गेट ओलांडलं’, ‘भरलं वजन’, ‘गव्हाणीला लागली’ (ऊस टाकायच्या जागेला), ‘रिकामं वजन’ असे टप्पे पोरांच्याच शब्दांत लिहायचेत. त्याला कुणी नावं ठेवणार नाही ना?

वाळू आणि लोखंड:
ठेवू दे ठेवली तर. हेच बरोबर आहे. आणि पोरांवर विसंबायचं नसेल तर गाड्या मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे: आत उभ्या गाड्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले एका गाडीचा थांबायचा वेळ, सगळं सरासरीनं, आणि जेवढ्या येतात तेवढ्या जातात असं धरून. समजा दिवसाला ४८०० टन गाळप, गाडीला २० टन. म्हणजे २४० गाड्या, तासाला १०. कधीही बघितलं तर रस्त्यासकट सरासरी १२० उभ्या दिसतात? मग प्रत्येक गाडी सरासरी १२ तास थांबतेय. रजिस्टर काही का म्हणेना.

आता काट्याचं. काट्यावर एका गाडीला किती मिनिटं आणि गव्हाण तासाला किती गाड्या ओढते, हे दोन आकडे शेजारी ठेवा. काटा तासाला १५ करत असेल आणि गव्हाण १०, तर दुसरा काटा घेऊन रस्त्यावरची रांग केनयार्डात (कारखान्याच्या आतल्या गाडीतळावर) येईल, बास. खोळंबा तेवढाच. मग पैसे काट्यात घालायचे नाहीत, तोडचिठ्ठ्या गव्हाणीच्या वेगानं सोडायच्या.

निपाणीची लेक:
आणि ऊस तोडून पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरही उलटते (मोडून घटते). वजनाचं नुकसान शेतकऱ्याचं, उताऱ्याचं, म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघते त्याचं, कारखान्याचं. आमच्या वडिलांचा ऊस असायचा, ते ‘गाडी नंबरात वाळली’ म्हणायचे. खोळंब्याला याहून चांगला शब्द नाही.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
विषय भाषेचा होता, गणिताचा नव्हे. ‘वहिवाट’ला माझा विरोध आहे. त्यात हक्काचा अर्थ आहे. उद्या रात्रपाळीवाला म्हणेल, काट्याला आल्यावर लिहायची माझी वहिवाट आहे, ती मोडता येत नाही.

खानापूरकर:
मास्तर, तो आत्ताच म्हणतोय की! म्हणून तर शब्द बसतोय.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
थट्टा नको. कागदावरची ती ‘विहित पद्धती’, चालते ती ‘प्रचलित पद्धती’. दोन्ही सरकारी कागदांत रुळलेले.

चंदगडी:
‘विहित’ स्लीपबॉयला विहीर वाटेल.

संकेश्वरचा, सध्या पुण्यात:
‘निर्णय’ की ‘ठराव’ तेही ठरवा. माझे चुलते संचालक होते. त्यांच्या लेखी ठराव क्रमांक पडल्याशिवाय निर्णय झालाच नाही. सल्लागारांच्या चित्रात ‘निर्णय’ म्हणजे तिरका चौकोन, हो किंवा नाही. चुलत्यांच्या बोर्डात तिसरं उत्तर असायचं: ‘पुढील सभेत’. त्याला चिन्ह कुठलं?

वाळू आणि लोखंड:
इंग्रजी डी.

कृष्णाकाठ:
मुखपृष्ठावर मी ‘उताऱ्याचे विश्लेषण’ असं उपशीर्षक टाकलं होतं, कारण बोर्डाला शेवटी उताराच बघायचा असतो. एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) २०२२-२३ च्या हंगामापासून १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली. तर एक म्हातारे संचालक म्हणाले, ‘जमिनीचा उतारा काढायला पहाणीची झेरॉक्स लागंल का?’ (पहाणी म्हणजे कर्नाटकातला सात-बारा.)

निपाणीची लेक:
बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडं कन्नड बोलणारेसुद्धा जमिनीच्या कागदाला ‘उतार’च म्हणतात. मराठी शाळेत उतारा म्हणजे धड्यातला. आणि आमची आजी मूल रडायला लागलं की उतारा तिकटीवर ठेवून यायची, भाकरी, मिरच्या, मीठ.

चंदगडी:
सगळे एकाच ‘उतरणे’तले. उसातनं साखर उतरते, दप्तरातनं नक्कल उतरते, पोराची दृष्ट उतरते.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
इतकं सोपं नाही. नक्कल ‘उतरवून’ घेतात, साखर आपण होऊन उतरते. एक प्रयोजक, एक साधं. एका चुलीवर शिजवू नका.

खानापूरकर:
साखर आपण होऊन उतरत असती तर चीफ केमिस्टला पगार कशाला दिला असता?

चंदगडी:
बरं, तुमच्यात उतारा पडतो का बसतो? आमच्यात ‘यंदा साडेअकरा पडला’ म्हणतात.

संकेश्वरचा, सध्या पुण्यात:
बसतो. पडतो तो भाव.

कृष्णाकाठ:
आमच्यात ‘लागला’. ते जाऊ दे, गव्हाणीचं कुणी सांगा. गुरांची गव्हाण आणि ऊस टाकायची गव्हाण एकच ना? सल्लागार ‘केन कॅरिअर’ म्हणतात, स्लीपबॉय गव्हाण म्हणतात, आणि पुस्तिकेच्या चित्रात दोन्ही नावांचे दोन वेगळे डबे काढून ठेवलेत.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी:
गवादनी. गायीनं खायची जागा. संस्कृत.

चंदगडी:
गाय ऊस खाते होय?

निपाणीची लेक:
उसाचं वाडं खाते की.