कासवाला बारा महिने काय खाऊ घालता? अनुभव सांगा

चोपड्याची_लेक:
काल धुळ्याहून भाचीचा फोन. तिच्याकडे काचेच्या टाकीत लाल कानाचं कासव आहे, चार दिवसांपासून तोंड लावत नाही म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली. तिच्याशी बोलता बोलता आजोळचं अंगण डोळ्यांपुढे आलं. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट. आजोबांना कुणीतरी सुरतेकडून पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणून दिलेलं. आजी कौतुकाने दूध-भाकरीचा काला ठेवायची, ते वाटी ओलांडून सरळ जास्वंदीखाली जाऊन बसायचं. फूल गळलं की मान लांबवून एका कडेने कुरतडायचं, चोच लालभडक. आजी चिडायची, आजोबा हसायचे.
आता तसं कासव घरात ठेवणं गुन्हाच आहे, तो विषय नको. पण ज्यांच्याकडे रीतसर आहे किंवा ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर भाजीवाल्याकडे पालाच धड नसतो, तेव्हा काय घालायचं?

गिरणाकाठ:
ताई, भाची खाणं पाण्यात टाकते ना? हे पाण्यातलं कासव, पाण्याशिवाय त्याला गिळता येत नाही. आणि टाकी खिडकीत असेल तर पाणी तापतं, भूक मरते. आधी सावलीत हलवायला सांगा. बाकी नंतर लिहितो, लाइट गेली.

खापरपोळी:
आमच्या शेजाऱ्यांचं असंच होतं. दुकानदाराने सांगितलेलं, डब्यातली सुकी कोळंबी रोज चिमूटभर, बस. काही महिन्यांनी डोळे सुजून बंद. दिसेना म्हणून खाईना, खाईना म्हणून आणखी मलूल. डॉक्टर म्हणाले अ जीवनसत्त्व कमी पडलं. मग किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि अधूनमधून काट्यासकट बारीक मासा. लहानपणी त्यांना मांस जास्त लागतं, मोठी झाली की पाल्यावर येतात, हे कुणी सांगतच नाही.
शेजारीण कट्टर शाकाहारी. मासा सोडायला मलाच हाक मारायची!

पाटील_पारोळा:
कासव पाळलं की लक्ष्मी येते म्हणतात. आमच्याकडे पितळेचं आहे. काही खात नाही, लक्ष्मीही येत नाही.

खापरपोळी:
😂 त्याला चिंचेने घासा आधी, मग बघा.

अमळनेर_ते_जर्मनी:
माझी घरमालकीण सुट्टीवर गेली की तिचं कासव माझ्याकडे. जमिनीवरचं, हरमान जातीचं, तिच्या लग्नाच्या आधीपासूनचं. इथे त्याची सरकारी नोंद असते, फोटोसकट. बाई निघताना कागदावर लिहून जाते: फळ नाही, पाव नाही, दुकानातलं सॅलड नाही. बागेतलं तण तेवढं द्यायचं. आपल्या पाथरीच्या जातकुळीतलं पिवळ्या फुलांचं एक तण आहे, त्यावर तुटून पडतं. उन्हाळ्यात गवत वाळलं की तेही चालतं, चोथा महत्त्वाचा. फळातल्या साखरेने आतडी बिघडतात म्हणे.
खरी गंमत हिवाळ्यात. आधी काही आठवडे खाणं बंद, कोमट पाण्यात बसवून पोट रिकामं करायचं, आणि मग पेटीत घालून फ्रिजमध्ये! पाचेक अंश तापमानात ते महिनोन् महिने झोपतं. वेगळा फ्रिज आहे त्यासाठी. पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा चहाचा कप हातातून सुटायचा राहिला होता.

पाटील_पारोळा:
आमच्या फ्रिजात कैरीच्या फोडींना जागा नाही अन् इथे कासव.

चोपड्याची_लेक:
आपल्याकडच्यांना असं करत नाहीत ना? धुळ्यात थंडी काही कमी नसते.

सातपुड्याचा_आबा:
नाही ताई, अजिबात नाही. मी वनखात्यात होतो, तस्करांकडून सोडवलेली चांदणी कासवं सांभाळलीत. हरमान युरोपातलं, त्याला शीतनिद्रा असते. आपलं चांदणी कासव तसं झोपत नाही. गारठ्यात मंदावतं, आणि अंग तापल्याशिवाय पोटातलं पचत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आधी कोवळं ऊन, मग खाणं. संध्याकाळी काही नाही. ऊन काचेतून आलेलं चालत नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते आणि ऊन नसेल तर खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडाला लागत नाही.
मे महिन्याचं विचारलंत. आम्ही निवडुंगाचे फड काटे खरवडून, चिरून द्यायचो. पाणीही मिळतं, चुनाही. शिवाय जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवगा, वाळलेली हराळी. भाजीबाजारावर अवलंबून राहावं लागतच नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत खाणं, उथळ परातीत पाणी. पंचेचाळीस अंशांत ते स्वतःच ओलाव्यात गडप होतं, त्याला उकरून काढून भरवू नये.
पालक, चुका, घोळ रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल चुना बांधून ठेवतं. लसूणघास थोडाच, प्रथिनं फार. पोळी, डाळ, दूध कधीच नाही. ताई, तुमच्या आजोबांच्या कासवाला ते कळत होतं. समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा मात्र कोपऱ्यात पडलेला असावा, लागेल तेव्हा खातात.
अन् कुणाकडे जुनं चांदणी कासव असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. १ एप्रिल २०२३ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.

केळीबाग_रावेर:
आबा, केळी चालते का? आमच्याकडे तीच आहे, हवी तेवढी 😀

सातपुड्याचा_आबा:
गोड जास्त, चुना कमी. क्वचित एखादी चकती. तुमच्या केळीचं नाव मोठं, पण कासवाला नको.

कापूसवाला:
पावसाळ्यात तण फुकट मिळतं म्हणून कपाशीच्या बांधावरचं तोडू नका कुणी. फवारणी चालू असते, तणनाशक तर बांधावरच मारतात. केना, पाथरी घ्यायची तर परसातली घ्या.

जिभाऊ:
आमना गावमा विहीरमा कासव व्हतं. पाणी साफ ठेवस म्हने. त्याले कोनी काय दिनं नही.

नवीन_जळगावकर:
लाल कानवालं मोठं झालंय, टाकीत मावत नाही. मेहरूण तलावात सोडलं तर?

गिरणाकाठ:
अजिबात नको! परदेशी जात आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा दोन्ही बळकावते. जगातल्या सगळ्यांत त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत नाव आहे तिचं. मोठी टाकी घ्या नाहीतर सांभाळणारं घर शोधा.

केळीबाग_रावेर:
भरिताचं वांगं? बामणोदची हिरवीगार आलीत बाजारात.

खापरपोळी:
ते कासवाला कशाला, आम्हाला पाठवा. भाजायला कपाशीच्या काड्या आहेत घरी.

चोपड्याची_लेक:
टाकी खिडकीतच होती! काल बाथरूमशेजारी सारली, आज सकाळी शेवग्याच्या पाल्याला तोंड लावलंय म्हणे. कोळंबीचा डबा माळ्यावर. आबा, तुतीची फांदी आत्ता मेमध्ये लावली तर जगेल का, की पावसाची वाट पाहू?

सातपुड्याचा_आबा:
थांबा पावसापर्यंत. तोवर माझ्याकडचा पाला घेऊन जा.