शेजारच्या पडीक जागेतली रानमोडी (झुडपासारखं वाढणारं तण): मालकावर सक्ती करता येते का?

काजूबाग_राजापूर
गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) पडीक जमीन, मालक मुंबईला. रानमोडी पुरुषभर वाढली आहे. बी आमच्या काजूत येतं, आणि फेब्रुवारीनंतर वणव्याची धास्ती. कायद्याने काही होतं का? की आपणच ग्लायफोसेट हे तणनाशक मारावं?

सातबारा
१९४७ च्या कृषी कीड व रोग कायद्याखाली सरकार एखादं तण ठरावीक भागापुरतं उपद्रवी जाहीर करू शकतं. तसं झालं तरच ते काढणं जमीनधारकावर बंधनकारक. (कर्नाटकाने १९७५ मध्ये गाजरगवताबाबत आपल्या कायद्याखाली हे केलं.) तुमच्या भागासाठी अशी अधिसूचना आहे का, ते तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी विचारा.

तोवर सातबारा काढून खातेदार बघा. सामाईक खातं असेल तर प्रत्येकाला रजिस्टर पत्र पाठवा, नाहीतर एक भाऊ दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सक्तीपेक्षा गडग्यालगतचा पट्टा तुमच्या खर्चाने बेणायची (झाडोरा तोडून साफ करायची) लेखी संमती मागा, ती सहसा मिळते. संमतीशिवाय पलीकडे पाय ठेवू नका. वाडीला किंवा रस्त्याला आगीचा धोका असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. पण तो सार्वजनिक उपद्रवासाठी, एकट्या बागेसाठी नव्हे.

कोयता_कुदळ
संमती मिळाली तर वेळ साधा. फुलं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, त्यानंतर बी वाऱ्यावर. म्हणून तोड ऑक्टोबरच्या आत. नुसता कोयता चालवलात तर बुडख्यातून दुप्पट फुटवे येतात. मुळाच्या डोक्याची गाठ कुदळीने काढायलाच हवी. कोवळी रोपं जून-जुलैत ओल्या मातीतून हातानेच निघतात, पाऊस संपल्यावर जांभ्याची जमीन कुदळीला दाद देत नाही. उपटलेलं मुळं वर करून वाळवा, ओल्या मातीत दबलेली कांडी परत रुजते. बी नसेल तर वाळलेला पाला आळ्यात आच्छादन म्हणून चालतो.

जाळू मात्र नका. वरचं जळतं, गाठ जिवंत राहते आणि मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडीच आधी उठते. पुढचे दोन-तीन पावसाळे रोपं वेचावी लागतीलच.

फवारा
ग्लायफोसेटचं: ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत वापराची मुभा फक्त कीडनियंत्रण परवानाधारकांना दिली आहे, शेतकऱ्याने स्वतः मारायचं नाही. शिवाय वाऱ्याने उडालेले थेंब काजूच्या कलमाच्या पानांवर किंवा हिरव्या सालीवर पडले तर कलम जातं. विहिरीचं गढूळ पाणी वापरलं तर मातीचे कण औषध धरून ठेवतात आणि रानमोडी तशीच उभी.

काजूबाग_राजापूर
पट्ट्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि एक किंजळाचं झाडही आहे.

सातबारा
किंजळ १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावू नका. बाभूळ त्या यादीत नाही, पण ते झाड मालकाचं. संमतीपत्रात तिचा वेगळा उल्लेख करून घ्या.