'मॅकबेथ' शिकायचं पुस्तकातून की गाईडातून?

एस.वाय.बी.ए. इंग्रजी, चोपडा
यंदा आम्हाला शेक्सपिअरची शोकांतिका 'मॅकबेथ' लागलीय. वर्गातल्या बऱ्याच जणांनी मूळ नाटक उघडलेलंच नाही. गाईडात 'मॅकबेथची महत्त्वाकांक्षा' यावर तयार उत्तर आहे, ते पाठ केलं की मार्क मिळतात. असंच शिकवायचं असेल तर शोकांतिका अभ्यासक्रमातून काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या अंकात मॅकबेथ राजाचा खून करून बाहेर येतो, तेव्हा खंजीर हातातच असतात. खरं तर ते झोपलेल्या पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे होते, त्यांच्यावर आळ यावा म्हणून. बायको म्हणते, परत नेऊन ठेव. रणांगणावर माणसं कापणारा हा सेनापती म्हणतो, मी पुन्हा तिकडे जाणार नाही. शेवटी तीच जाते, आणि तेवढ्यात दारावर थापा पडू लागतात. खून रंगमंचावर दाखवलेलाच नाही, तरी वाचताना माझे हातपाय गार पडले. गाईडात यावर एकच ओळ आहे: 'त्याला पश्चात्ताप होतो.'

केळीवाला, रावेर
ताई, तुमची कळकळ समजते, पण माझा मुलगा हेच सगळं शिकून बी.ए. झाला आणि जळगावला मुलाखतीत स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलू शकला नाही. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी आज इंग्लंडात तरी कोण बोलतं? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला मूळ पुस्तकाचं एक पान वाचायला संध्याकाळ जाते. त्याला गाईडाचाच आधार असतो. तो काढून घेतला तर पोरगं नापास होईल. आम्ही केळीला भाव मिळेल तेव्हा फी भरतो, साहेब. आधी बोलता येईल असं इंग्रजी शिकवा.

निवृत्त प्राध्यापक, धुळे
दोघेही मराठीला विसरलात. आगरकरांनी 'हॅम्लेट' १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट'. आधी मराठीतून नाटक वाचून घ्या, मग इंग्रजी पान उघडा. गोष्ट माहीत असली की अवघड शब्दांची भीती निम्मी होते. मी वर्गात हेच करायचो आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा प्रश्न विचारायची.

एस.वाय.बी.ए. इंग्रजी, चोपडा
काका, बोलायला शिकवलंच पाहिजे, त्यासाठी वेगळा पेपर ठेवा. पण इंग्रजी साहित्य म्हणून प्रवेश दिला आणि साहित्यच दाखवलं नाही, तर ती आमची फसवणूक आहे. सर, तुमचा उपाय मला पटला.

आणखी एक सांगते. आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. कुंकू पुसलं गेल्यावर कपाळावरची नशिबाची रेघ उघडी पडली, असं त्या म्हणतात, आणि ज्योतिषाला सांगतात, माझ्या दारी येऊ नकोस, माझं दैव मला कळतं. मॅकबेथचं नेमकं उलटं आहे. भविष्य सांगणाऱ्या चेटकिणी पहिल्यांदा रस्त्यात भेटतात, पुढे हा स्वतःच त्यांना शोधत जातो आणि आणखी सांगा म्हणून हट्ट धरतो. लिहिता-वाचता न येणारी असोद्याची लेक भविष्य नाकारते आणि राजा झालेला मॅकबेथ त्याच्यामागे धावतो. हे दोन्ही एका तासाला शेजारी ठेवून शिकवलं, तर रावेरच्या पोरालाही मॅकबेथ परका वाटणार नाही.

कापूसपट्टा, शहादा
ही तुलना मला खटकली. बहिणाबाईंवर वैधव्य कोसळलं, त्यांनी ते ओढवून घेतलं नव्हतं. मॅकबेथने घरी आलेल्या पाहुण्याचा, आपल्याच राजाचा खून केला. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल शोकांतिकेच्या नायकाची चूक शोधायला सांगतो. बहिणाबाईंची चूक कोणती? दोघांना एका फळ्यावर लिहिलंत तर मुलं उत्तरात लिहितील की दुःख म्हणजे दुःख, सगळं सारखंच. तेसुद्धा गाईडच झालं.

एस.वाय.बी.ए. इंग्रजी, चोपडा
सारखं आहे असं मी म्हणत नाही, उलटं आहे म्हणते. तुमचा हा प्रश्नच परीक्षेत विचारा ना. नाटकातल्या दहा ओळी द्या, पुस्तक जवळ ठेवू द्या आणि मुलांना स्वतःचं मत लिहायला सांगा. त्याचं तयार उत्तर कुठल्याच गाईडात सापडणार नाही.

केळीवाला, रावेर
चालेल. पण पोराने मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःचं मत लिहिलं, तर तपासणारे सर मार्क मताला देणार की व्याकरणाला? धुळ्याच्या सरांनीच सांगावं.

निवृत्त प्राध्यापक, धुळे
मी मताला देत होतो. सगळे देत नाहीत, हे खरं आहे.