घट्ट वेटोळ्यांचे केस : लांबी टिकवण्याचे अनुभव

आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या घट्ट वेटोळ्यांच्या केसांविषयी मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि जे मिळते ते आपल्याकडचे सैल, लाटदार कुरळे केस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. वास्तविक कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या आणि मराठी जाणणाऱ्या सिद्दी कुटुंबांपासून ते परदेशांतल्या, मुलींना वडिलांकडून असे केस मिळालेल्या मराठी आयांपर्यंत अनेकांना ही माहिती दर आठवड्याला लागते. म्हणून आपापले अनुभव लिहिण्याचे हे निमंत्रण.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. 'केस वाढतच नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. असे केसही महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतात. मात्र मुळाशी जेवढे वाढले तेवढेच टोकाशी तुटले, तर लांबी वर्षानुवर्षे मानेपाशीच अडकून राहते. त्यातच वाळल्यावर हे केस आखडतात आणि ओढून धरल्यावर दिसणाऱ्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसतात, त्यामुळे लांबी मोजायची असेल तर एक बट हलकेच ताणूनच मोजावी. तुटण्याची कारणे केसाच्या घडणीतच आहेत. त्याचा छेद गोल नसून चपटा असतो, प्रत्येक वळणावर तो कमकुवत असतो, डोक्याच्या त्वचेवरचे तेल एवढी वळणे पार करून टोकापर्यंत पोहोचत नाही आणि एकेक केस स्वतःभोवतीच गाठ मारून घेतो.

तेव्हा आपण काय केले, त्याने काय टिकले आणि काय सोडून दिले, ते सविस्तर लिहावे. 'अमुक तेलाने महिन्यात वीतभर वाढ' अशा धर्तीचे अनुभव कृपया लिहू नयेत.

अटलांटाहून

माझे पती आफ्रिकन-अमेरिकन आहेत आणि आमची लेक तिसरीत आहे. तिचे केस कसे हाताळावेत हे मला सासूबाईंनी शिकवले. त्यांच्या लहानपणी शनिवारी रात्री शेगडीवर तापवलेला धातूचा कंगवा केसांतून फिरवून, दुसऱ्या दिवशीच्या चर्चसाठी केस सरळ करण्याची पद्धत होती, आणि त्या वेळी भाजलेल्या कानाच्या पाळीची आठवण त्या अजूनही हसत हसत सांगतात.

आमच्याकडे रविवार हा केसांचा दिवस असतो. डोक्याचे चार भाग करून तीन भाग पिळून चापाने बांधून ठेवायचे आणि एकच भाग मोकळा घ्यायचा. तो पाण्याने पूर्ण भिजवून त्यावर कंडिशनर इतका लावायचा की बोटे घसरली पाहिजेत. मग आधी बोटांनीच, टोकापासून सुरुवात करून, दोन-दोन बोटे वर सरकत गुंता सोडवायचा. रुंद दातांचा कंगवा सर्वांत शेवटी. हे करताना कान उघडे ठेवावे लागतात, कारण केस तुटताना बारीक 'कट' असा आवाज येतो आणि तो आला की हात थांबवून त्या जागी पुन्हा पाणी आणि कंडिशनर लावायचे. गाठ मुळीच सुटली नाही तर ती ओढायची नाही, तेवढा एक केस कात्रीने गाठीच्या वर कापायचा. कोरड्या केसांत कंगवा आमच्या घरात निषिद्ध आहे.

साताऱ्याहून माझी आई आली, तेव्हा तिला नातीला न्हाऊ-माखू घालून, भरपूर खोबरेल चोपडून, चापूनचोपून दोन वेण्या घालायच्या होत्या. सासूबाईंचे म्हणणे असे की तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसांवर नुसते तेल लावले तर केस कोरडेच राहतात, फक्त चमकतात. दोघींचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे असे मला वाटते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती, आणि त्यांत धुताना केसांतून वाहून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलानेच कमी झाले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही त्यामागचे कारण मला पटते : खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. म्हणून आईचे खोबरेल आम्ही आदल्या रात्री लावतो, आणि धुतल्यानंतर केस ओले असतानाच सासूबाईंच्या पद्धतीने आधी पाण्यावर आधारित क्रीम व त्यावर टोकांना शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचे लोण्यासारखे घट्ट तेल. वेण्या दोन नव्हे, आठ-दहा सैल पिळाच्या असतात, त्यांची टोके आत दुमडलेली असतात आणि रात्री डोक्यावर सॅटिनची टोपी असते. सुती उशी ओलावाही शोषते आणि टोकेही घासते. लेकीची बट आता ताणली की खांद्याच्या पात्यापर्यंत येते. आई मात्र 'तेल कमी पडतंय' हे व्हिडिओ कॉलवर दर वेळी सांगते.

नैरोबीहून

वरच्या अनुभवात घरची वेणी आहे. आमच्याकडे वेणी बाजारात घातली जाते. नैरोबीच्या केन्याटा मार्केटमध्ये केस विणणाऱ्या बायकांच्या रांगाच्या रांगा आहेत. आपण खुर्चीवर बसलो की एकाच डोक्यावर तिघी-तिघी काम करतात आणि दिवसभराचे काम दोन-तीन तासांत उरकते. माझ्या दोन्ही मुली तिथेच वेण्या घालून घेतात, कारण शाळेच्या दिवसांत रोज केस सोडवून पुन्हा बांधण्यापेक्षा केसांना महिनाभर हात न लावणे लांबीसाठी केव्हाही चांगले.

अडचण आहे ती घट्टपणाची. वेणी जितकी घट्ट तितकी ती जास्त टिकते, अशी गिऱ्हाइकांचीच समजूत असते आणि विणणारीही त्याप्रमाणे हात आवळते. थोरल्या मुलीच्या कपाळाच्या कडेला एकदा बारीक पुटकुळ्या उठल्या आणि दोन दिवस तिला भुवया उंचावता येईनात. तेव्हापासून मी शेजारी उभी राहते आणि 'उसिकाझे साना', म्हणजे फार आवळू नका, एवढे स्वाहिली न चुकता म्हणते. कपाळाजवळची बारीक लव विणायची नाही, हेही आधीच सांगते. वेण्यांत गुंफायचे कृत्रिम केस आदल्या दिवशी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून ठेवते. त्यांच्यावरचा थर पाण्यावर पांढुरका तरंगताना दिसतो आणि नंतर डोक्याला खाज येत नाही. वजनाचाही विचार करावा लागतो, कारण कंबरेपर्यंतच्या जाड वेण्या दिसतात छान पण त्यांचा सगळा भार मुळांवर येतो.

आमच्या मते सर्वांत जास्त केस तुटतात ते वेण्या सोडताना. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. सहा आठवडे ते वेणीतच अडकून राहतात आणि सोडताना एकदम हातात येतात. हे पाहून घाबरायचे कारण नाही. मात्र प्रत्येक वेणीच्या मुळाशी धूळ, तेल आणि मळ यांचा एक राखाडी थर साचलेला असतो. तो आधी तेलाचे बोट लावून, बोटांनी चुरून मोकळा करावा आणि त्यानंतरच डोक्यावर पाणी घ्यावे. तो तसाच ठेवून पाणी घेतले की गळलेले केस आणि मळ मिळून जट होते आणि ती कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सहा आठवड्यांचा संयम एका संध्याकाळच्या घाईत वाया जातो. म्हणून आम्ही वेण्या सोडण्याला शनिवार-रविवार दोन्ही दिवस देतो.

हल्याळ तालुक्यातून

मी सिद्दी समाजातली असून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांत शिकवले आहे. इतरांच्या अनुभवांत सासूबाई आणि बाजार आहेत, आमच्याकडे दुकानात एकच बारीक दातांचा कंगवा मिळे आणि शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या सक्तीच्या असत. तो कंगवा आमच्या केसांत अर्ध्यावर अडकायचा, त्याचे दात तुटायचे, आणि त्याबद्दल बोलणी आम्हालाच बसायची. घरातल्या बायका त्यावर उपाय म्हणून केस कापून बारीक ठेवत.

माझ्या लग्नाआधी नातेवाइकांच्या आग्रहाखातर शहरातल्या एका पार्लरमध्ये माझे केस रसायनाने कायमचे सरळ करण्यात आले. त्यांना अशा केसांचा अनुभव नव्हता. रसायन ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवले आणि त्यावरून तापलेली इस्त्री फिरवली. कानामागची त्वचा सोलली गेली ती भरून आली, पण खरी अडचण पुढे सुरू झाली. मुळाशी वेटोळ्यांचे नवे केस येऊ लागले आणि त्यांच्या पुढे सरळ, पातळ झालेले जुने केस. जिथे हे दोन एकमेकांना मिळत, नेमके तिथेच केस तुटत. ही रसायने केसाला आकार देणारे गंधकाचे बंध तोडतात, आणि कुठलेही तेल ते पुन्हा पहिल्यासारखे जोडत नाही. काही महिने सांभाळून पाहिल्यावर सगळा सरळ भाग कापून टाकला. आज ताणून मोजले तर केस कंबरेच्या थोडे वर आहेत.

माझा नित्याचा उपाय जवसाचा आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवावेत. पाण्याला फेस येतो, मग ते दाट होते, आणि पळी उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली की लगेच उतरवावे. गरम असतानाच मलमलीच्या कापडातून पिळावे लागते, गार झाल्यावर जवस आणि चिकट रस वेगळे होत नाहीत. हा रस ओल्या केसांवर, बटा वेगळ्या करत लावला की त्या एकमेकींत गुंतत नाहीत, आणि गुंता नाही म्हणजे कंगव्याची गरजही कमी. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो; वास बदलला की टाकून द्यावा. रिठा मी पूर्ण बंद केला आहे, आमच्या केसांना तो फार कोरडा पडतो.

धागाकर्ती : जवस चटणीपुरतेच माहीत असलेल्यांनी हे जरूर करून पाहावे. जाता जाता, केस पाण्याच्या पेल्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून तो पाणी किती शोषतो हे पारखण्याची जी चाचणी सगळीकडे फिरते, तिच्यावर मी विसंबणार नाही. केसावर तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो.

पूर्वी चाडमध्ये असलेल्या एका वाचकाकडून

चेबेची पूड हल्ली परदेशांत बरीच महाग विकली जाते, म्हणून लिहितो. चाडमधल्या बसारा अरब स्त्रिया ही पूड वापरतात. तीत क्रोटन नावाच्या झुडपाच्या बिया, महलब (एका रानटी चेरीच्या बियांतला गर), लवंग, राळ अशा वस्तू भाजून कुटलेल्या असतात. ही पूड डोक्याच्या त्वचेला लावत नाहीत. केस ओले करून, तेल किंवा चरबीसोबत ती फक्त केसांच्या लांबीला थापतात आणि लगेच जाड वेण्या घालतात. काही दिवसांनी वेणी सोडून पुन्हा तेच. म्हणजे त्यांच्या केसांना कंगवा, ऊन आणि वारा क्वचितच लागतो आणि टोके सतत लेपाखाली असतात. पुडीने वाढीचा वेग वाढतो असे मानायला मला तरी आधार दिसला नाही. पूड न घेता तेवढ्याच शिस्तीने कोणी केस झाकून आणि विणून ठेवले तरी बराचसा लाभ होईल, असे माझे मत आहे.

पुण्यातील एका केशरचनाकार महिलेकडून

माझ्याकडे सुदान आणि टांझानियाच्या विद्यार्थिनी येतात. एवढेच सांगते की इस्त्रीने जळलेले वेटोळे धुतल्यावर परत येत नाही. उष्णता वापरायचीच असेल तर स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या केसांवर, १८० अंश सेल्सिअसच्या खाली आणि एका बटेवरून एकदाच. टोके फाटली असतील तर ती कापावीत. फाटा वर चढत जातो आणि वाचवलेले बोटभर शेवटी वीतभर घालवते.

एका त्वचारोगतज्ज्ञाकडून

वरील अनुभव वाचून समाधान वाटले, थोडी भर घालतो. बेसिनमध्ये पडलेले केस एकदा पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला पांढरा ठिपका असलेला केस मुळापासून गळलेला असतो. आखूड, ठिपका नसलेले तुकडे तुटलेले असतात. तुकडे जास्त असतील तर हाताळणी बदलावी. ठिपक्यांचे केस फार वाढले असतील तर लोह, थायरॉइड, बाळंतपण, नुकताच झालेला ताप यांकडे पाहावे, तिथे शिया बटरचा काही उपयोग नाही.

नैरोबीच्या वाचकांनी उल्लेख केलेल्या पुटकुळ्या ही ताणाने होणाऱ्या केसगळतीची पूर्वसूचना असते. हा विकार ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट ओढून बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये १९०७ सालीच नोंदवला गेला होता, तेव्हा तो कोणा एका वंशाचा नव्हे. लवकर ताण सोडला तर केस परत येतात, वर्षानुवर्षे चालू ठेवला तर येत नाहीत. मुलीच्या कपाळाच्या कडेचे, त्याच उजेडात, दर दोन महिन्यांनी छायाचित्र काढून ठेवावे, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

याहून गंभीर प्रकार टाळूच्या मध्यापासून सुरू होऊन बाहेर पसरतो, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत आढळतो आणि केसांची मुळे कायमची नष्ट करतो. कित्येकींत त्याचे पहिले लक्षण म्हणजे फक्त टाळूवरचे केस तुटून आखूड राहणे एवढेच असते, म्हणून त्या कित्येक महिने तेले बदलत बसतात. बाकीचे डोके ठीक असून टाळूवरचेच केस तुटत असतील, तिथे खाज, आग किंवा दुखरेपणा असेल, आईला किंवा मावशीला तिथे विरळपणा आला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि बायोप्सीची गरज आहे का ते विचारावे. तोवर त्या भागावर वेण्या, इस्त्री आणि रसायन तिन्ही बंद ठेवावीत.